आल्प्समधील लेझूश येथे विद्यार्थी परिषदेसाठी निवड झाली आहे. तयारीबाबत मार्गदर्शन हवे

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील असून बेळगावात राहून भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते आहे. फ्रान्समध्ये, मों ब्लां पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लेझूश या गावी, येत्या मार्चमध्ये सुट्या कणांच्या भौतिकशास्त्रावर आठवडाभराची विद्यार्थी परिषद भरणार आहे आणि तिथे माझे पोस्टर (भिंतीवर लावून समजावून सांगायचा संशोधनाचा तक्ता) स्वीकारल्याचे पत्र नुकतेच आले आहे. वाळू, धान्य किंवा साखर हॉपरच्या, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या मोठ्या पात्राच्या, तोंडातून खाली पडत असताना मध्येच कमान धरून का अडकते, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आपल्या भागातील साखर कारखान्यांत काम करणाऱ्या मंडळींना ही अडचण चांगलीच परिचयाची असेल. नोंदणी शुल्कात राहण्याची आणि जेवणाची सोय आहे. विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांचा खर्च मात्र आपला आपण करायचा आहे.

आमच्या घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच. आई-बाबांचा विरोध नाही, परंतु बाबांनी एक प्रश्न विचारला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. हल्ली व्याख्याने घरबसल्या संगणकावर ऐकता येतात, मग सात दिवसांसाठी एवढा खर्च करून इतक्या लांब, तेही डोंगरातल्या एका लहानशा गावी, कशासाठी जायचे? कार्यक्रमपत्रिका पाहिल्यावर तर हा प्रश्न मलाही पडला. रोज सकाळी व्याख्याने आहेत, त्यानंतर दुपारचे जेवण, मग थेट संध्याकाळी पाचपर्यंत मोकळा वेळ, पुन्हा व्याख्याने आणि रात्रीच्या जेवणानंतर पोस्टर. मोकळ्या वेळेत बहुतेक जण बर्फात फिरायला किंवा स्कीइंगला जातात, असे आयोजकांनी कळवले आहे. मला स्कीइंग येत नाही आणि त्यावर पैसे खर्च करण्याची इच्छाही नाही. तो वेळ खोलीत बसून वाचनात घालवावा का?

व्हिसासाठी बेंगळुरूला जावे लागेल हे समजले आहे. तथापि माझ्या कागदपत्रांत एकवाक्यता नाही. जन्मदाखल्यावर जन्मस्थान ‘बेळगाव’ आहे, आधारवर ‘बेळगावी’ आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढे केवळ आद्याक्षरे आहेत, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव आणि आडनाव पूर्ण आहे. यामुळे अर्ज अडेल का? शिवाय माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीत लिहिताना अडचण येत नाही, परंतु समोरासमोर बोलताना शब्द सापडेपर्यंत समोरचा माणूस पुढे निघून जाईल, ही धास्ती मनात आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वेदगंगा (मूळचा निपाणीचा, सध्या ग्रनोबल)

सर्वप्रथम अभिनंदन. लेझूश माझ्या ग्रनोबलमधील विद्यापीठापासून फार लांब नाही आणि अशा परिषदा जिथे भरतात त्या तिथल्या भौतिकशास्त्राच्या शाळेत मी राहिलो आहे, म्हणून आधी तुमच्या बाबांच्या प्रश्नाकडे वळतो. व्हिसा हे त्यामानाने सोपे काम आहे.

ही शाळा १९५१ साली सेसिल मोरेत या तरुण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने सुरू केली, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आतच होते. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये पुंजभौतिकीसारखे आधुनिक विषय विद्यापीठांतून नीट शिकवले जात नव्हते, आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय असा होता की, जगभरातील उत्तमोत्तम अध्यापकांना आणि निवडक विद्यार्थ्यांना शहरापासून दूर, डोंगरउतारावरील लाकडी घरांत एकत्र ठेवावे. सुरुवातीची सत्रे तब्बल दोन महिन्यांची असत. पाउली यांच्यासारखे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ इथे शिकवून गेले. तितकेच नामवंत भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात इथे व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. पिएर-जिल द जेन इथे विद्यार्थी म्हणून आले होते. त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले आणि पुढे त्यांनी सुट्या कणांवरही लिहिले, म्हणजे ते तुमच्याच विषयातले पूर्वसूरी.

जागा अशी आडवळणाची निवडण्यामागे हेतू आहे. शहरातल्या परिषदेत व्याख्यान संपले की वक्ता टॅक्सीत बसून निघून जातो. इथे जाणार कुठे? ज्यांचे शोधनिबंध तुम्ही वाचले आहेत ते गृहस्थ सकाळी तुमच्या शेजारी उभे राहून पावाला लोणी लावत असतात, दुपारी त्याच वाटेने चालतात आणि रात्री त्याच टेबलावर जेवतात. व्याख्यान संगणकावर ऐकता येते हे खरे. परंतु ‘तुमच्या आकृतीतला तो एक बिंदू रेषेबाहेर का आहे?’ असे विचारल्यावर, छापील निबंधात कधीच न येणारे उत्तर मिळते ते अशा ठिकाणी. बाबांना हे असेच सांगावे, असे मला वाटते.

आता व्हिसा. मुक्काम फ्रान्समध्ये असल्यामुळे अर्ज फ्रान्सकडेच करायचा, विमान जिनिव्हाला, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये, उतरत असले तरीही. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे समाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने एकच व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः पंधरा दिवस लागतात, परंतु प्रकरण तपासणीला गेले तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. म्हणून डिसेंबरअखेर बेंगळुरूची भेटीची वेळ मिळवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी पोहोचता येते, तरी गाडीला उशीर होण्याची शक्यता धरून भेटीची वेळ दुपारची घ्यावी.

प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. परंतु शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि वैज्ञानिक परिषदेला जाणारे संशोधक यांना युरोपीय संघाच्या नियमांनुसार ते माफ आहे. त्यासाठी आयोजकांचे निमंत्रणपत्र आणि विद्यापीठाचे तुम्ही संशोधक विद्यार्थिनी असल्याचे पत्र अर्जाला जोडावे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क मात्र भरावे लागते. प्रवासविमा किमान ३०,००० युरो वैद्यकीय खर्चाचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत.

नावांविषयी फार चिंता करू नका. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले, त्यामुळे त्याआधीच्या दाखल्यांवर जुनेच नाव असणार, आणि व्हिसा अधिकारी पाहतात तो पासपोर्ट. निमंत्रणपत्र, विमा, विमानाचे तिकीट आणि विद्यापीठाचे पत्र या चारही कागदांवर तुमचे नाव अक्षरशः पासपोर्टप्रमाणे आहे, याची खात्री करून घ्या. आयोजकांनी आद्याक्षरांचे नाव छापले असेल तर आजच पत्र लिहून दुरुस्त प्रत मागवा. गुणपत्रिकेतील फरकासाठी विभागप्रमुखांच्या सहीचे एक छोटे पत्र जवळ ठेवले तरी पुरे.

जिनिव्हा विमानतळावरून शामोनी खोऱ्याकडे (लेझूश याच खोऱ्यात आहे) जाणाऱ्या बसगाड्या मिळतात आणि सव्वा ते दीड तासात लेझूशला पोहोचता येते. वाटेत सीमा ओलांडायची असल्याने पासपोर्ट मोठ्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावा. शाळा गावापेक्षा बरीच वर, चढावर आहे. बर्फातून चाकांची बॅग ओढत चढणे अवघड जाते, म्हणून शेवटच्या टप्प्याची सोय आयोजकांना आधीच विचारून ठेवावी.

जुना मास्तर (बेळगाव, टिळकवाडी)

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. माझे विद्यार्थी परदेशी परिषदांना गेले तेव्हा त्यांच्या अर्जांचे काम मी जवळून पाहिले आहे, म्हणून केवळ पैशांविषयी लिहितो.

पूर्वी ‘सर्ब’ या नावाने ओळखली जाणारी, संशोधनाला निधी देणारी केंद्र सरकारची संस्था आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाली आहे. परदेशी परिषदेत स्वतःचे काम मांडणाऱ्या तरुण संशोधकांना प्रवासखर्च देण्याची योजना तिथे आहे; सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, हिच्याकडूनही संशोधक विद्यार्थ्यांना असे साहाय्य मिळते. दोन्हीकडे अर्ज काही महिने आधी जावा लागतो, तेव्हा मुदत आजच संकेतस्थळावर पाहून घ्यावी. अर्ज मार्गदर्शकांच्या शिफारशीने आणि संस्थाप्रमुखांच्या सहीने जातो. सह्यांसाठी कार्यालयात कागद किती दिवस पडून राहतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून कागद टपालाने पुढे न पाठवता स्वतः हातात घेऊन जावे आणि सही होईपर्यंत तिथेच थांबावे.

बहुतेक अनुदाने प्रवास झाल्यावर हाती पडतात. आधी पैसे उभे करायचे, परत आल्यावर तिकिटे आणि बोर्डिंग पास जोडून हिशेब सादर करायचा, मग रक्कम मिळते. त्यामुळे घरच्यांनी तात्पुरती तरतूद करून ठेवणे भाग आहे. तिकीट कोणाकडून आणि कोणत्या वर्गाचे काढायचे, याच्याही अटी असतात. त्या वाचल्याशिवाय स्वस्त दिसले म्हणून तिकीट काढू नये. नियमबाह्य तिकिटाचे पैसे मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची मुले संकोचामुळे करत नाहीत. आयोजकांना सरळ पत्र लिहून, ‘मी सीमाभागातील एका राज्य विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे, माझ्या विभागाकडे प्रवासनिधी नाही, नोंदणी शुल्कात सवलत मिळू शकेल का?’ असे विचारावे. अशा परिषदांकडे थोडाफार निधी बऱ्याचदा राखून ठेवलेला असतो आणि तो मागणाऱ्यालाच मिळतो. मागण्यात कमीपणा काहीच नाही.

घटप्रभा (हुक्केरी)

ऑस्ट्रियातील ओबरगुर्गल येथे इन्सब्रुक विद्यापीठाचे केंद्र आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३० मीटर उंचीवर. तिथे मी अशाच एका परिषदेला गेले होते, म्हणून मोकळ्या वेळेविषयी आणि पोस्टरविषयी मला आवर्जून सांगायचे आहे.

दुपारी खोलीत बसू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्कीइंग न येणारे तिथे नेहमीच असतात. त्यात ज्येष्ठ संशोधकही असतात, कारण अनेकांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ही मंडळी दुपारी मळलेल्या वाटेने चालायला निघतात. जेवण संपत असताना ‘आज कोणी चालायला जाणार आहे का?’ एवढे विचारले की सोबत मिळते. चालताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागत नाही, वाक्य अर्धवट राहिले तरी पुढच्या वळणावर पुरे करता येते, आणि शब्द अडला तर बर्फावर काठीने आकृती काढून दाखवता येते. इंग्रजीचा माझा संकोच व्याख्यानाच्या दालनात नव्हे, अशा वाटेवर कमी झाला. शिवाय तिथे आलेल्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. इटालियन, जपानी, ब्राझीलची मुले सगळीच शब्द शोधत बोलत असतात आणि ऐकणारे शांतपणे थांबतात. घरी मराठी, कचेरीत कन्नड, प्रवासात हिंदी आणि प्रयोगशाळेत इंग्रजी असा दिवस काढणाऱ्या मुलीने याची धास्ती घेऊ नये.

पोस्टरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमचा विषय त्यासाठी फार चांगला आहे. रात्री जेवणानंतर लोक दमलेले असतात. भिंतीवर वीस-तीस पोस्टर असतात आणि प्रत्येकासमोर माणूस काही क्षणच रेंगाळतो. तेवढ्यात समीकरण दाखवले तर तो पुढे जातो, प्रश्न विचारला तर थांबतो. तुमच्याकडे प्रश्न तयारच आहे: टाकी काठोकाठ भरलेली असली तर तोटीतून पाणी जोरात येते आणि पातळी उतरली की धार मंदावते, मग हॉपर भरलेला असो वा अर्धा रिकामा, साखर त्याच वेगाने का पडते? उत्तर तुम्हाला माहीत आहेच. १८९५ मध्ये यान्सेन यांनी दाखवले की कणांचे बरेचसे वजन घर्षणामुळे भिंती पेलतात, त्यामुळे तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. कण किती वेगाने बाहेर पडतील हे सांगणाऱ्या, १९६१ मधील बेव्हर्लू यांच्या नियमात तर भरलेल्या उंचीला स्थानच नाही. तिथे महत्त्व आहे तोंडाच्या व्यासाला, आणि त्यातूनही कणाच्या आकाराच्या प्रमाणात थोडा भाग वजा करावा लागतो, कारण कडेला घासून कोणताही कण सहज बाहेर पडू शकत नाही. हे सगळे तिथल्या श्रोत्यांना अवगत असेल. तुम्ही नवे काय मोजले आहे, ते या प्रश्नाच्या पाठोपाठ दोन वाक्यांत यायला हवे.

कारखान्याचा उल्लेख जरूर करा. दमट हवेत साखरेच्या कणांना ओल धरली की ते एकमेकांना चिकटतात आणि हॉपर तुंबतो, मग माणसे बाहेरून ठोकून तो मोकळा करतात. प्रयोगशाळेत काचेच्या एकसारख्या मण्यांवर काम करणाऱ्यांनी हे पाहिलेले नसते. आमच्या भागातील कारखान्यात मी ते पाहिले आहे आणि तुम्हीही एखाद्या गळीत हंगामात जाऊन पाहावे. शक्य झाले तर एक छायाचित्र परवानगी घेऊन पोस्टरवर लावावे.

पोस्टर कापडावर छापून घ्या. कागदाची लांब नळी विमानात सांभाळणे त्रासाचे होते, आणि आपल्याकडचे फ्लेक्स जड असते, शिवाय घडी घातली की त्यावर पांढरी रेघ उमटते. पातळ कापडाची घडी कपड्यांमध्ये बसते आणि पोहोचल्यावर वाफेच्या न्हाणीघरात रात्रभर टांगून ठेवले की सुरकुत्या जातात. आकार ए-शून्य, उभा, म्हणजे ८४१ बाय १,१८९ मिलीमीटर असावा. परंतु आयोजकांच्या फलकाचा आकार विचारल्याशिवाय छापू नये.

थंडीचे म्हणाल, तर एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे पडतात. पैसे खर्च करायचे असतील तर बुटांवर करा. तळवा खाचांचा आणि आत पाणी न शिरणारा हवा, कारण मार्चमध्ये दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी वाट काचेसारखी गुळगुळीत होते. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना त्रास देते, म्हणून गॉगल न्यावा. लेझूशची शाळा सुमारे १,१५० मीटरवर आहे, तेवढ्या उंचीचा त्रास होत नाही. मात्र शामोनीहून एग्वी द्यु मिदी या शिखराच्या दोरवाटेने (रोपवेने) गेलात तर थोड्याच वेळात ३,८४२ मीटरवर पोहोचाल. तिथे दम लागतो, तेव्हा सावकाश चालावे. खुणा केलेली वाट सोडून एकटीने बर्फात जाऊ नका. त्या दिवसांत हिमस्खलनाचा धोका असतो आणि साध्या प्रवासविम्यात बर्फातले खेळ बहुधा धरलेले नसतात. अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक साऱ्या युरोपीय संघात चालतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. वेदगंगा यांचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा ऐकले आणि मग तिकिटाच्या पैशांची तरतूद कशी करता येईल याविषयी बोलायला सुरुवात केली. निमंत्रणपत्रावर खरोखरच आद्याक्षरांचे नाव होते. दुरुस्तीसाठी पत्र पाठवले आहे आणि शुल्कातील सवलतीबाबतही त्याच पत्रात विचारले आहे.

एक शंका उरली आहे. आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. आईची इच्छा आहे की दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिथल्या लोकांना देण्यासाठी बेळगावचा कुंदा सोबत न्यावा. हे चालेल का?

वेदगंगा (मूळचा निपाणीचा, सध्या ग्रनोबल)

चटणी आणि चिक्की खुशाल आणा, बंद पाकिटात आणि वर नाव लिहून. कुंदा मात्र आणू नका, हे लिहिताना मलाच वाईट वाटते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला मनाई आहे, आणि खव्याचा कुंदा त्यात येतो. दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर त्याही प्रवासातच संपवाव्यात.

जेवणाविषयी आयोजकांना केवळ ‘शाकाहारी’ एवढेच कळवू नये. मांस, मासे आणि त्यांचे रस्से चालत नाहीत, अंडी चालतात की नाही, दूध चालते, असे स्पष्ट लिहावे. काहीजण मासे खाणाऱ्यालाही शाकाहारी समजतात. सावोय प्रांतातील रब्लोशाँ आणि बोफोर ही प्रसिद्ध चीज वासराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने बनवतात, म्हणजे आपल्या अर्थाने ती शाकाहारी नाहीत. घरचा नियम कडक असेल तर हे आधी माहीत असलेले बरे. पाव, बटाटे, डाळींचे सूप, कोशिंबिरी आणि फळे यांवर आठवडा नीट निघतो.

जुना मास्तर (बेळगाव, टिळकवाडी)

पोस्टरचा कच्चा मसुदा तयार झाला की छापण्यापूर्वी एकदा टिळकवाडीला माझ्या घरी घेऊन यावे. माझे दोन-तीन जुने विद्यार्थी सुटीसाठी बेळगावात असतील, त्यांना बोलावून घेतो. भिंतीवर मसुदा लावून तुम्ही उभे राहायचे आणि आम्ही तासभर इंग्रजीतून प्रश्न विचारायचे, अगदी अडचणीचेसुद्धा. नाताळच्या सुटीतील कोणताही रविवार चालेल. मार्गदर्शकांनाही सोबत आणता आले तर उत्तम. वाळू, साखर आणि एक काचेचे नरसाळे मी इकडे तयार ठेवतो.